एक कार्ड, एक फाइल

रविवारी सकाळी अकराला भावाचा फोन यायचा आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, पोटॅशियम किती आलं. दुसरा प्रश्न क्रिएटिनिनचा. आई कशी आहे हा तिसरा. तू कशी आहेस हाही प्रश्न यादीत असायचा, पण तिथपर्यंत पोचायच्या आत त्याला कुणीतरी हाक मारायचं, नाहीतर ताईच्या गॅसवर दूध उतू जायचं.

भाऊ दोन विमानं बदलून यावं लागेल इतका लांब राहत होता. पुलांची गणितं करणं हा त्याचा धंदा. किती ओझं पडलं की कुठला खांब किती वाकेल हे तो कागदावर सांगायचा, आणि आईच्या रक्ताकडेही तो त्याच नजरेने बघायचा. ताई इथे, आईजवळ. एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये तिची सत्तावीस वर्षं गेली होती आणि तिथे तिला सगळे रेकॉर्डबाई म्हणायचे. वय चोपन्न. लग्न केलं नव्हतं. ‘केलं नाहीस तेच बरं’ म्हणणारी माणसंच पुढच्या वाक्याला ‘तुझ्यामागे कुठे कुणाचं काही आहे, तेव्हा आईचं तूच बघायचंस’ असंही म्हणायची.

आई एक्क्याऐंशीची. दोन वर्षं अंथरुणात. मूत्रपिंडं थकलेली, हृदय थकलेलं, आणि डोक्यातलं एकेक दार बंद होत चाललेलं. सकाळी सातला एक मावशी यायच्या, संध्याकाळी पाचला जायच्या. पाच ते सात हे बाकीचे चौदा तास ताईचे. दर दोन तासांनी आईची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. सलग तीन तास झोपणं म्हणजे काय हे ताई आता विसरली होती. कामावर कुणी ‘बऱ्या आहात ना’ असं विचारलं तर ती ‘हो’ म्हणायची. रोज मरे त्याला कोण रडे.

भाऊ वाईट नव्हता हो. पैसे वेळेवर पाठवायचा, आईचा आवाज ऐकला की हळवा व्हायचा. पण रिपोर्ट आला की त्याला तो तिथल्या तिथे हवा असायचा. ताई फोनवर फोटो काढून पाठवायची. तो हललेला आहे म्हणून पुन्हा. मग मागच्या महिन्याचा पाठव, तुलना करायची आहे. मग एप्रिलमधला. मग तो छातीचा एक्स-रे कुठे गेला. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळ्या नीट दिसाव्यात एवढीच त्याची अपेक्षा, आणि शेळ्यांचे फोटो काढता काढता ताईच्या नाकी नऊ यायचे.

यात एक गोष्ट अशी होती की जी भावाला ठाऊक नव्हती. तीन महिन्यांपूर्वी ताईची कंबर दुखायला लागली. आईला उचलून दुखत असेल म्हणून तिने महिनाभर मलम चोळलं, शेवटी सोनोग्राफी केली. डाव्या मूत्रपिंडात साडेचार सेंटीमीटरची गाठ निघाली. सर्जन ओळखीचे होते. काढून टाकली की सुटलात, ते म्हणाले, पण दोन-तीन महिन्यांच्या वर ताणू नका. ऑपरेशननंतर सहा आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आई एक्केचाळीस किलोंची होती. ताई सर्जनसमोर चक्क हसली आणि ‘बघते’ म्हणाली. मिळालेली तारीख तिने एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा. आता पुढच्या महिन्याची एकवीस होती आणि सर्जनांनी पेन टेबलावर आपटून सांगितलं होतं की ही तिसरी आणि शेवटची.

म्हणजे भावाने सहा आठवडे येऊन आईला सांभाळायला हवं होतं. दुसरं कोणी नव्हतंच. आणि त्यासाठी त्याला सांगायला हवं होतं. तिने तीनदा प्रयत्न केला. एकदा पोटॅशियम वाढलेलं निघालं आणि अर्धा तास त्यातच गेला. एकदा तो स्वतःच ऑफिसातल्या भानगडीने इतका कावलेला होता की तिने त्यालाच धीर दिला. तिसऱ्या वेळी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, थांब, आधी मला सोडियम सांग.

तेव्हा ताईने ठरवलं की या रिपोर्टांना त्याच्यापर्यंत पोचायला दुसरा रस्ता काढून द्यायचा. सगळे कागद त्याला तिथून हवे तेव्हा दिसले, तर फोन मोकळा होईल. फोन मोकळा झाला की त्यावर आपलं एक वाक्य मावेल.

इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागातला एक जण खांद्यावर कायम केबलचं वेटोळं घेऊन हिंडायचा, म्हणून त्याचं नाव वायर पडलं होतं. पन्नाशीचा माणूस, बोलणं मोजकं. त्याच्या वडिलांची वीस वर्षांपूर्वीची फाइल ताईने एकदा दहा मिनिटांत काढून दिली होती, त्यामुळे तिने विचारताच तो शनिवारी दुपारी घरी आला. ताईने कपाटावरून एक लॅपटॉप काढला. भावाने सहा वर्षांपूर्वी नवीन घेतला तेव्हा हा जुना ‘आईला फोटो बघायला होईल’ म्हणून इथे सोडला होता. त्याच्या घरात जी अडगळ होती ती इथे येऊन भेटवस्तू झाली. एक बिजागरी तुटलेली, दोन कळा निघालेल्या. चालू करून ताई आंघोळ करून आली तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं.

वायरने मागचं झाकण उघडलं. फुगलेली बॅटरी काढून बाजूला ठेवली, पंख्यातली धूळ ब्रशने झाडली. "हा बिघडलेला नाही," तो म्हणाला. "याच्याकडून फार कामं करून घेतली. आता याला एकच काम द्या, बसल्या जागी मागेल त्याला कागद द्यायचे. आणखी पाच वर्षं काढेल." ताईला वाटलं, आपलंही झाकण उघडून कुणीतरी असं सांगावं.

मग त्याने आतलं जुनं सगळं पुसून लिनक्स नावाची एक हलकी प्रणाली टाकली. त्यात चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. शेजारी मोठी डिस्क जोडली. वायफायच्या डब्यापासून केबल ओढून थेट मशीनमध्ये खोचली, आणि झाकण मिटलं तरी ते झोपी जाऊ नये अशी व्यवस्था केली. या घरात न झोपणारी ताईच्या जोडीला आणखी एक आली. विजेचं ताईने विचारलं, तर दिवसरात्र चालू राहून एका छोट्या बल्बाएवढी खाईल म्हणाला. मग त्याने भावाला फोन लावला आणि दोघांनी मिळून एक किल्ली, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, तयार केली. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला हे दार दिसणारच नाही, त्याने ताईला समजावलं, किल्ली ज्याच्याकडे आहे त्यालाच ते सापडेल. भावाला कागद बघता येतील, पण पुसता किंवा बदलता येणार नाहीत. आणि कोणी कधी कुठला कागद उघडला याची यादी मशीन आपोआप ठेवेल. ती यादी कशी बघायची हे त्याने ताईच्या फोनवर करून दाखवलं. हे शेवटचं ताईला फार आवडलं. रेकॉर्ड रूममध्ये हेच तर काम.

आता कागद. ताईच्या इस्पितळात नोकरदारांच्या आईवडिलांवर मोफत उपचार व्हायचे, पण ते नोकरदाराच्या कार्डावर. म्हणून आईच्या प्रत्येक रिपोर्टवर ठळक अक्षरांत नाव असायचं ते ताईचं, आणि कार्ड नंबरही ताईचा. रोगी नेमका कोण हे नंबरापुढच्या तिरक्या रेघेनंतरचा एक बारीक आकडा सांगायचा. स्वतः असेल तर शून्य, वडील एक, आई दोन. वयाचा रकाना कोणी भरायचंच नाही. रेकॉर्ड रूमचा नियम, एक कार्ड, एक फाइल. कार्डावर जितकी माणसं, त्या सगळ्यांचे कागद तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये. आणि फाइलला लागलेला कागद कोणीही, कुठल्याही कारणाने बाहेर काढायचा नाही. हा नियम न पाळणाऱ्या मोठमोठ्या डॉक्टरांना ताईने खिडकीतून फैलावर घेतलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस ताई ती फाइल इस्पितळाच्या मोठ्या स्कॅनरला भरवत राहिली. चारशे बारा पानं, रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवरून घरच्या मशीनमध्ये. तिसऱ्या दिवशी, आईच्या एका पोटॅशियमच्या आणि एका एक्स-रेच्या मध्ये, तिच्या स्वतःच्या सोनोग्राफीचा कागद हातात आला. तिने तो जरा वेळ धरून ठेवला. बाजूला ठेवता आला असता. मग तिने तो इतर कागदांसारखाच सरळ करून स्कॅनरमध्ये सरकवला. तो नियम होता, थकवा होता की आणखी काही होतं, हे तिला विचारलं असतं तर तिने जेवणाची सुट्टी संपत आली होती एवढंच सांगितलं असतं. तीनशे सत्त्याऐंशी नंबरचं पान.

भाऊ जाम खूश झाला. पहिल्या आठवड्यात त्याचे तीन फोन आले, तिन्ही कौतुकाचे. ताई, हे तू फार भारी केलंस. दुसऱ्या आठवड्यात त्याने आईच्या क्रिएटिनिनचा रंगीत आलेख करून पाठवला, चढ लाल आणि उतार हिरवा. ताईने तो मावशींना दाखवला. मावशी म्हणाल्या, छान आहे, पण यांची पाठ कोण पुसतंय ते यात कुठे दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी ताईने दूध आधीच तापवून ठेवलं, आईची कूस पावणेअकराला बदलली आणि फोन घेऊन खुर्चीत बसली. वाक्य तयार होतं. तिने ते आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. अकरा वाजले. सव्वाअकराला निरोप आला, सगळं बघितलं, आकडे ठीक आहेत, आज फोन करत नाही, आईला सांग. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय. रिपोर्ट होते तोवर निदान फोन तरी येत होता. ताई खुर्चीत तशीच बसून राहिली आणि मग तिला बसल्या बसल्या झोप लागली. आईच्या हाकेने जाग आली तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली, की सांगायचं राहिलं म्हणून वाईट वाटायच्या ऐवजी अर्धा तास झोप मिळाली म्हणून आपल्याला बरं वाटतंय.

सोमवारी कामावर तिने सहज ती यादी उघडली. भाऊ रोज सकाळी येऊन जात होता, एक-दोन पानं चाळत होता. आणि रविवारी रात्रीपासून त्याने एकच पान उघडलं होतं. तीनशे सत्त्याऐंशी. नऊ वेळा.

ताईने फोन पालथा ठेवला. कळलं एकदाचं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो नुसता मोठा श्वास. आता सांगायला नको. आता तोच विचारेल, ओरडेल, मला परकं केलंस म्हणेल, आणि येईल. त्या दिवशी तिने मावशींना उगाचच सांगितलं की भाऊ येणार आहे बहुतेक. घरी जाऊन त्याच्यासाठी वरच्या खणातली चादर काढून धुतली. मंगळवारी फोन आला नाही. यादीत आणखी चार वेळा तेच पान. धक्का बसला असेल, ताई स्वतःला म्हणाली, त्याला वेळ लागतो.

बुधवारी दुपारी तीनला फोन आला. ताई रेकॉर्ड रूममध्ये एकटीच होती. भोवती फायलींनी भरलेले फळ्यांचे घोडे छतापर्यंत, खिडकीबाहेर दोन वॉर्डबॉय.

"ताई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "मी तो गाठीचा रिपोर्ट बघितला."

"हं," ताई म्हणाली.

"तीन महिने एकटीने मनात ठेवलंस?"

तिने नुसतं हुं केलं आणि घोड्याला पाठ टेकली.

तो हळूहळू बोलत होता. त्याने तो रिपोर्ट तिकडच्या एका ओळखीच्या डॉक्टरना दाखवला होता. दोन रात्री त्याला झोप नव्हती. बायकोशी बोलला, स्वतःशी बोलला. एकटीने निर्णय घेण्याची वेळ ताईवर येऊ नये, म्हणून या वेळी तो आपण घ्यायचा असं त्याने ठरवलं होतं. "माझं मत सांगू? ऑपरेशन नको. कशाला चिरफाड? जेवढं आहे तेवढं सुखाने जाऊ दे. आहे तिथे, आहे तसं. त्रास झाला तर दुखण्यावरची औषधं आहेतच. तिकडचे डॉक्टरही तेच म्हणाले."

ताईला आधी काही कळलंच नाही. चोपन्न वर्षांची आहे मी, तिच्या मनात आलं. आणि मग, लाज वाटावी असं दुसरं काहीतरी आलं. आहे तिथे, आहे तसं. कुणी आपल्याला काही करायला लावणार नाही. क्षणभर तिला ते पटलंसुद्धा, इतकी ती दमली होती.

"आणि आईला यातलं काही सांगायचं नाही," भाऊ म्हणाला. "एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला हे कळून काय करायचंय?"

बाहेरून वॉर्डबॉयने खिडकीवर टकटक केली. त्याला कुठलीतरी फाइल तातडीने हवी होती. ताईने पुढे होऊन खिडकीची फळी ओढली आणि आतून कडी घातली. सत्तावीस वर्षांत कामाच्या वेळात ती खिडकी बंद झाली नव्हती.

"तो कागद आहे तुझ्यासमोर?" तिने विचारलं.

"आहे."

"वर कार्ड नंबर आहे. तिरक्या रेघेनंतर काय आहे ते वाच."

"शून्य."

"आता आईचा कुठलाही दुसरा उघड."

कळा दाबल्याचा आवाज आला. घाईत त्याने एक नाही, चार-पाच उघडले असावेत.

"दोन," तो म्हणाला. "सगळ्यांवर दोन आहे. मग हे शून्य कोणाचं?"

"कार्ड कोणाचं आहे?" ताई म्हणाली.

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तो एकदम लहानपणीच्या आवाजात "ताई" एवढंच म्हणाला. तो माफी मागायला लागला, मग चिडला, मला का सांगितलं नाहीस, मग पुन्हा माफी. तिने ते पुरतं होऊ दिलं. तिला राग नव्हता असं नाही. होता, आणि तो तिने सांगितलाही. "मी सांगायला लागले की तू सोडियम विचारायचास," ती म्हणाली. "आणि आता तू मला आहे तिथे, आहे तशी ठेवायला निघाला होतास. मला ते बरं वाटलं, कळलं का? बरं वाटलं. त्याचीच मला भीती वाटतेय."

तो म्हणाला, मी येतो. किती दिवस लागतील ते बघतो, ऑफिसात बोलतो.

"बघतो नको. एकवीसला मला दाखल व्हायचंय. अठराला इथे ये, तीन दिवस शिकायला लागतील. मग सहा आठवडे."

"अठराला येतो," भाऊ म्हणाला. मग त्याने विचारलं, "आईचं औषधांचं, वेळांचं सगळं कुठल्या फोल्डरमध्ये आहे? आजच वाचून काढतो."

"ते कुठेच नाही. चारशे बारा पानांत ते एकाही पानावर नाही. कागद घे."

तो कागद शोधून आला. ताई स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. सकाळची पांढरी गोळी आधी, पिवळी अर्ध्या तासाने, उलटं झालं की ओकारी. पाणी चमच्याने, दिवसभरात मोजूनच, आणि जास्त मागितलं तर नाही म्हणायचं नाही, बर्फाचा तुकडा चघळायला द्यायचा. डाव्या कुशीवर वळवताना उशी आधी गुडघ्यांमध्ये. कंबरेत वाकून उचलायचं नाही, गुडघ्यांत वाकायचं, नाहीतर तुझीही सोनोग्राफी निघेल. नखं ती फक्त मावशींना कापू देते. दुपारी चारनंतर घाबरते, तेव्हा पंख्याचा आवाज कमी करायचा. भाऊ लिहीत होता, मध्येच ‘जरा हळू’ म्हणत होता.

"आणि आई तुला ओळखणार नाही," ताई म्हणाली.

तिकडे पेन थांबलं. "असं कसं? फोनवर तर लगेच बाळा म्हणते."

"फोन कानाला लावायच्या आधी मी तिला सांगते, बाळाचा फोन आहे, बाळा म्हण. दर वेळी सांगते."

बाहेर फळीवर पुन्हा टकटक झाली आणि थांबली.

"मग मी कोण म्हणून तिच्यासमोर जाऊ?"

"घरात कोणी पुरुष आला की तिला तो डॉक्टर वाटतो. वायर आला होता तर त्यालाही हात पुढे करून नाडी बघा म्हणाली. तू नाही म्हणत बसू नकोस. मी तुझा मुलगा आहे, आठव, आठव, असं करू नकोस, ती रडते. हो, डॉक्टरच आहे, म्हणायचं. डॉक्टरच्या हातची गोळी ती लगेच घेते."

तो रडत होता. ताईला स्पष्ट ऐकू येत होतं. तिने त्याला रडू दिलं.

"लिहिलंस?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"लिहिलं," भाऊ म्हणाला.